तिरप्या निळ्या अक्षरांतली खाडी

एका माणसाचं नाव मी नकाशावर लिहिलं आणि ते खोटं होतं. म्हणजे माणूस खरा होता, नाव त्याचंच होतं आणि ज्या खाडीवर ते लिहिलं ती खाडीही खरी आहे. खोटं होतं ते त्या नावाचं तिथे असणं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं तेवढं पुष्कळ झालं.

ही दोह्यातली गोष्ट, वर्ल्ड कपच्या आधीच्या वर्षांतली. आम्ही अल अझीझियाला राहायचो. नवरा गॅस कंपनीत, मुलगी शाळेत आणि मी नकाशे करणाऱ्या एका कंपनीत चेकर. चेकर म्हणजे दुसऱ्यांनी ओढलेल्या रेघा तपासायच्या आणि चूक दिसली की लाल गोल करायचा. नाशिकला सासरी-माहेरी मी हेच काम फुकट करत होते, असं नवरा म्हणतो. शहर तेव्हा चहूबाजूंनी उकरलेलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो संध्याकाळी बंद. राउंडअबाउट काढून सिग्नल बसवला तरी लोक पत्ता सांगताना त्या गेलेल्या राउंडअबाउटचंच नाव घ्यायचे आणि टॅक्सीवाल्याला ते बरोबर कळायचं. या सगळ्याचे नकाशे करणं हे आमचं काम. रस्त्याखालचे पाइप, केबली, स्टेडियमभोवतीची पार्किंगं. एक शीट पुरी होईस्तोवर जमिनीवर तिसरंच काहीतरी उभं राहिलेलं असायचं.

त्या धांदलीत आमच्या साहेबांनी युरोपातल्या एका संस्थेचं काम अंगावर घेतलं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याचा एक तुकडा नव्याने काढायचा होता. कतारमध्ये बसून दक्षिण ध्रुवाकडचा किनारा काढायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं, आणि उंटांना तर तिथे तोटा नव्हता. बाहेर अंगाची लाही होत असायची, आत एसीमुळे लोक स्वेटर घालून बसलेले, आणि समोर पडद्यावर बर्फच बर्फ. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, यू डोन्ट ईव्हन लाइक आइस्क्रीम."

मला तोवर वाटायचं, असले नकाशे कुणीतरी दाढीवाला माणूस बोटीतून उतरून काढत असेल. पूर्वी तसंच होतं. आता बरंचसं काम खुर्चीत बसून होतं. आमच्याकडे दोन गठ्ठे आले होते. एकात फार वर्षांपूर्वी विमानातून काढलेले काळे-पांढरे फोटो आणि दुसऱ्यात उपग्रहाची ताजी चित्रं. ती एकमेकांवर बसवून किनाऱ्याची रेघ ओढायची. पण तिथे इकडे जमीन आणि तिकडे पाणी, असा सरळ कारभार नाही. कुठे कातळ थेट समुद्रात उतरतो, कुठे बर्फाचा कडा असतो, कुठे बर्फाची लांबलचक जीभ पाण्यावर तरंगत पुढे आलेली असते. कातळाची रेघ एकदा ओढली की ओढली. बर्फाच्या कडेपाशी मात्र चित्राची तारीख लिहावी लागते, कारण पुढच्या वर्षी ती कड तिथेच असेल याची खात्री नसते. तारीख लिहिलेला किनारा मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

त्या कामावर आम्ही पाच जण होतो. त्यातले एक चाचा. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं, मीही. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, साठीला टेकलेले. अल मन्सूऱ्यात एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहायचे. मुंबईत ट्रेसिंगच्या कागदावर शाईने रेघा ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. कॉम्प्युटर ते इथे येऊन शिकले. डिग्री नव्हती, म्हणून हुद्द्याने ते माझ्या खाली होते, आणि नजरेने माझ्या चार पायऱ्या वर. ऑफिसात हिंदी-इंग्रजी चालायचं, पण आम्ही दोघं मराठी बोलायचो, ते त्यांच्या गावची आणि मी माझी. ते मला 'बाय' म्हणायचे. परक्या मुलखात कुणी आपल्याला बाय म्हणतंय, याचं मला फार बरं वाटायचं.

पहिल्याच महिन्यात मी एक बेट शोधून काढलं. जुन्या नकाशात नव्हतं, नव्या चित्रात ठसठशीत दिसत होतं. पांढरं, गोलसर, एका बाजूला लांब सावली. मी हुरळून गेले आणि रिपोर्टात लिहूनही टाकलं. चाचा माझ्या पडद्याकडे बघत उभे राहिले, मग आपल्या जागेवर जाऊन त्याच ठिकाणची वेगवेगळ्या वर्षांची तीन चित्रं घेऊन आले.

"बाय, हा बेट नाय," ते हळूच म्हणाले. "हा पाव्हणा हाय."

"म्हणजे?"

"बर्फाचा डोंगर वाहत आला नि उथळावर टेकला. वर बर्फ पडून पडून गोल झाला. बघा, दोन वर्षां मागं इथं कायच नाय. काळा दगड दिसतो काय कुठं? खडप दिसल्याशिवाय बेट म्हणायचा नाय."

खडप म्हणजे समुद्रकाठचा कातळ, हे मला त्यांना विचारावं लागलं. रिपोर्ट अजून गेला नव्हता. मी तो गुपचूप मागे घेतला. चाचांनी याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. त्यांच्या जागी मी असते तर चारचौघांत लाल गोल केला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

आता नावांचं सांगते. तिथल्या जमिनीचा कुणी एक मालक नाही. त्यामुळे वेगवेगळ्या देशांच्या समित्या नावं ठरवतात आणि ती सगळी एका मोठ्या सामाईक यादीत जातात. एकाच खडकाला दोन देशांची दोन नावंही असतात आणि दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. नाव सुचवायचं तर फॉर्म असतो. अक्षांश-रेखांश, जागेचं वर्णन, हेच नाव का, कोण सुचवतंय. माणसाचं नाव असेल तर त्या माणसाचा त्या प्रदेशाशी संबंध काय, हेही लिहावं लागतं. आम्हाला पाठवलेल्या नियमांत लाडाची नावं आणि जाहिरातीची नावं चालणार नाहीत, असं साफ म्हटलं होतं.

पण आमच्या तुकड्यात शेकडो खडक आणि खाचा बिननावाच्या होत्या. त्यांना नुसते लांबलचक नंबर. दिवसभर नंबरांनी बोलून जीभ वळेनाशी झाली, तेव्हा आम्ही कामापुरती नावं ठेवली. एक खडक झाला चप्पल, एक झाला पापड. केरळच्या एकाने सगळी खाण्याचीच नावं दिली आणि आमच्यातल्या फिलिपिनो बाईने एका टेकाडाला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं. ही नावं वेगळ्या थरात ठेवायची असतात. कॉम्प्युटरवरचा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा. काम पुरं झालं की कामचलाऊ नावांचा कागद काढून घ्यायचा आणि बाकीचे पाठवायचे. तो कागद काढणं हे चेकरचं काम, म्हणजे माझं.

चाचांनी बरेच दिवस कशालाच नाव दिलं नाही. मग त्यांच्या वाट्याला एक खाडी आली. जुन्या फोटोत तिथे बर्फाची जीभ होती. नव्या चित्रांत ती मागे सरकली होती आणि दोन कातळांच्या पुढे आलेल्या टोकांमधून पाणी आत शिरलेलं दिसत होतं. कुठल्याच नकाशात नसलेली नवी खाडी. त्यांनी तीन दिवस तिच्यावर काढले. दगड कुठे संपतो आणि दगडावरचा बर्फ कुठे सुरू होतो, हे ते सावलीवरून ओळखायचे. मी तपासायला घेतली तर लाल गोल करायला एक जागा सापडली नाही. आणि मधोमध, कामचलाऊ थरात, एका माणसाचं नाव होतं.

"चाचा, हे कोण?"

"माझा धाकटा."

मग त्यांनी सांगितलं. धाकटा भाऊ मासेमारीच्या बोटीवर होता. वीसेक वर्षांपूर्वी वादळात बोट गेली. बाकीचे कुठे कुठे किनाऱ्याला लागले, हा लागलाच नाही. "शबे बरातला सगळा गाव कब्रस्तानात जातो," चाचा म्हणाले. "ज्याचे त्याचे माणूस असतात तिथं. अम्मी दारात बसून राहते. तिला जायला जागा नाय." हे सांगताना ते पडद्याकडेच बघत होते. "आमच्या खाडीचं तोंड असाच हाय, बाय. दोन बाजूला खडप नि मधी पाणी." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "शोधणाऱ्यानं नाव सुचवायचा, असाच नियम हाय ना?"

"हो, तसा नियम आहे," मी म्हटलं. मान वर करूनही बघितलं नाही. मला स्टेडियमच्या पार्किंगची शीट त्याच दिवशी द्यायची होती. नियम तसा होता, हे खरंच होतं. सुचवणं आणि लागणं यात किती अंतर आहे, ते मी बोलले नाही.

रविवारी, म्हणजे तिकडे आठवडा सुरू होतो त्या दिवशी, चाचा अल मन्सूऱ्यातल्या हॉटेलातून जिलेबीचा मोठा खोका घेऊन आले. शुक्रवारी नमाजानंतर ते घरी फोन करायचे. त्या शुक्रवारी त्यांनी अम्मीला सांगितलं होतं की दुनियेच्या नकाशात एका खाडीला धाकट्याचं नाव लागलं. अम्मी रडली, मग तिने शेजारीपाजारी बोलावून सगळ्यांना सांदणं खायला घातली, आणि दोह्यातल्या लोकांचं तोंड गोड कर म्हणून पोराला हुकूम सोडला. ऑफिसातल्या लोकांना नीटसं काही कळलं नव्हतं, पण जिलेबी कळली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चाचांच्या पाठीवर थाप मारून "मबरूक, मबरूक" म्हणत अभिनंदन केलं.

माझा हात जिलेबीपाशी थबकला. मला कळलं होतं काय झालंय ते. तेव्हाच त्यांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं की चाचा, हे कामापुरतं आहे, हा कागद मी काढून घेणार आहे. दोन वाक्यांचं काम. मी जिलेबी खाल्ली. भीड भिकेची बहीण म्हणतात. भीड माझी होती, भीक दुसऱ्याच्या पदरात पडली.

उद्या सांगू म्हणून तो दिवस गेला, मग पुढचा आठवडा गेला. आणि नुसती भीडच होती असं म्हणून मला सुटता येणार नाही. त्या जिलेबीनंतर चाचा झपाटल्यासारखे काम करू लागले. सगळ्यांनी टाळलेला अवघड तुकडा, जिथे बर्फ कुठला आणि ढग कुठला हे कळत नाही, तो त्यांनी मागून घेतला. "माझ्या भावाच्या बाजूचा हाय, तो मीच करतो," म्हणाले. आमचं काम मुदतीआधी पुरं झालं. युरोपातून शाबासकीचं पत्र आलं आणि ते माझ्या नावाने आलं. मला बढती मिळाली. मी गप्प राहिले त्याचा मला फायदा झाला, ही सरळ गोष्ट आहे. तेव्हा मी ती स्वतःशीही कबूल केली नव्हती.

आणखी एक आहे, ते जास्त वाईट आहे. काम संपण्याआधी त्या संस्थेची एक ईमेल आली होती. नव्याने सापडलेल्या जागांसाठी नावं सुचवायची असतील तर सोबतचे फॉर्म भरून पाठवा. एका नावाला तीन पानी फॉर्म. मी उघडला. 'व्यक्तीचा प्रदेशाशी संबंध' या रकान्यापाशी अडले. काय लिहू? त्या बिचाऱ्याचा बर्फाशी संबंध आला तो मासे ठेवण्यापुरता. नाहीच घेणार ते, मी मनाशी म्हटलं, आणि एका ओळीचं उत्तर पाठवलं की आमच्याकडून सुचवण्या नाहीत. त्यांनी नाही म्हणण्याआधी त्यांच्या वतीने मीच नाही म्हणून टाकलं. पुढे कळलं की दुसऱ्या एका ऑफिसातून गेलेलं एक नाव त्यांनी घेतलं. ते वाकड्या खडकाच्या वर्णनाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं, तेव्हा त्यातून काही सिद्ध होत नाही. पण विचारायला मला कुणी मनाई केली नव्हती.

मग मी तो कागद काढला. चप्पल गेली, पापड गेला, कुत्रं गेलं आणि चाचांचा धाकटा गेला. खाडी राहिली, नंबरासकट.

वर्ल्ड कप जवळ आला तशी आमच्यासारख्यांची कामं आटपत चालली. रस्ते झाले, स्टेडियमं झाली, मेट्रो धावू लागली. जे बांधायचं ते बांधून झाल्यावर नकाशे काढणारे कुणाला हवेत? एकेकाला पत्र मिळू लागलं. चाचांनाही मिळालं. पहिली मॅच होण्याच्या कितीतरी आधी त्यांना कायमचं परत जायचं होतं. ते माझ्याकडे आले, ते नोकरीचं गाऱ्हाणं घेऊन नव्हे.

"बाय, त्या नकाशाची एक कापी द्या. मोठी. अम्मीला दाखवायची हाय."

सांगायची ती शेवटची संधी होती. मी "देते की, चाचा" म्हटलं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी जुनी फाइल उघडली. कामचलाऊ थर पुन्हा लावला, त्यातलं बाकी सगळं पुसलं आणि एकच नाव ठेवलं. ते तसंच छापलं असतं तर कच्चं दिसलं असतं. आमच्या धंद्यात पाण्याची नावं तिरप्या निळ्या अक्षरांत लिहितात आणि जमिनीची सरळ काळ्या. मी ते नाव तिरपं केलं, निळं केलं, शेजारच्या खऱ्या नावांच्या मापाचं केलं. खाडीच्या वळणाप्रमाणे अक्षरं थोडी वाकवली, कारण नियम तसा आहे. खोटं बोलायचं तर तेही नियमाने. मी चेकर होते ना. छापून आल्यावर सवयीने तपासलंसुद्धा आणि कुठेच चूक दिसली नाही. चाचांना दिलं तेव्हा त्यांनी तो कागद टेबलावर पसरला, खिशातून रुमाल काढून आधी हात पुसले आणि मग त्या नावावर बोट ठेवलं. "किती बेस लिवलाय," म्हणाले. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

ते गेले. महिनाभराने त्यांचा व्हॉट्सॅपवर फोटो आला. नकाशाला सोनेरी चौकट केली होती आणि तो बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर लावला होता. खाली खुर्चीत अम्मी, हाडांची काडी झालेली, डोक्यावर पांढरी ओढणी. तिचा हात वर काचेवर टेकलेला, आणि बोट नेमकं खाडीवर. खाली चाचांनी लिहिलं होतं, शबे बरातला अम्मी दारात बसली नाय. नकाशाच्या समोर बसून तिनं धाकट्यासाठी फातिहा वाचला. तुम्हाला दुवा देते.

मी तो फोटो कितीदा पाहिला असेल, मोजदाद नाही. स्वयंपाक करताना, मुऐदरच्या बाजारात भाजी घेताना, मुलीला आणायला शाळेपाशी गाडी लावून बसले असताना. एकदा मी पोळ्या लाटता लाटता तो बघत होते, तेव्हा मुलीने मागून डोकावून बघितलं.

"आई, इज दॅट युअर मॅप?"

"हो."

"इज इट अ रिअल प्लेस?"

"जागा खरी आहे."

"अँड द नेम?"

तिला काही संशय नव्हता, ती आपली सहज विचारत होती. मी तिला म्हटलं, बॅग नीट भर आधी. ती गेली आणि मी तिथेच पोळपाटावर हात ठेवून उभी राहिले. त्याच दिवशी मी ठरवलं की आता चाचांना सांगायचं, काय व्हायचं ते होवो. मला तेव्हा असं वाटत होतं की हे फार धाडसाचं आणि सचोटीचं काम आहे.

शनिवारी सकाळी अस्पायरच्या बागेत नवरा आणि मुलगी पुढे चालायला गेले आणि मी एका बाकावर बसून फोन लावला. समोर स्टेडियमच्या बाजूला नवे झेंडे लावायचं काम चाललं होतं. चाचांचा आवाज पलीकडून खणखणीत आला. ख्यालीखुशाली झाली. मासळी काय मिळते, दोह्यात कोण कोण राहिलं, कोण गेलं. मग मी एका दमात सगळं सांगितलं. कामापुरत्या नावांचा कागद, आलेली ईमेल, न भरलेला फॉर्म, माझ्या हाताने छापलेला तो एकुलता एक नकाशा. सामाईक यादीत ते नाव नाही, कधीच नव्हतं. चुकले, चाचा, मला माफ करा. शेवटी मला रडू आलं. रडताना थोडं हलकंही वाटलं, ते लपवत नाही.

पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

"नाव नाय लागला," ते शेवटी म्हणाले. विचारत नव्हते.

"नाही लागलं."

"मंग बाय, हे मला कशाला सांगितलात?"

तुम्हाला खरं कळायला हवं होतं, असं काहीतरी मी पुटपुटले.

"मला कळून काय करू? नकाशा अम्मीचा हाय. ती आता जास्ती दिवसांची नाय. रोज विचारते, तिथं थंडी किती, तिथं कोण जातं काय, नाव कोणी पुसणार तर नाय? मी सांगतो, नाय अम्मी, सरकारी नाव हाय, कोण पुसणार? आजपर्यंत खरा समजून सांगत होतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "उद्या ती विचारील. उद्या मी काय सांगू?"

तेव्हा मला दिसलं की मी काय केलंय. इतके महिने खोटं माझ्याकडे होतं. ते मला जड झालं म्हणून मी ते उचललं आणि साठी उलटलेल्या एका माणसाच्या हातात दिलं, आणि वर त्याचीच माफी मागितली.

मागून अम्मीचा बारीक, चिरका आवाज आला. "कोण हाय रे फोनवर?"

मी डोळे मिटून घेतले. सांगा, मी मनात म्हणत होते, आणि नका सांगू, असंही म्हणत होते.

"दोह्याची बाय हाय, अम्मी," ते म्हणाले. "धाकट्याचा नाव लावणारी."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि फोन तिच्या हातात गेला. ती मला पोरी म्हणाली. तुझ्या लेकराबाळांना अल्ला सुखी ठेवो, म्हणाली, माझ्या पोराला तू जागा दिलीस. मी "हो अम्मी, हो" म्हणत राहिले. माझ्या कानाला तिचा आवाज होता आणि तिच्या शेजारी चाचा उभे होते. आयुष्यभर सरळ रेघ ओढलेला माणूस आईशी पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि ते त्याच्याकडून मी वदवून घेतलं होतं.